मुदत संपलेले वर्गणीदार

वर्गणीदार दोन प्रकारे गळतो. एक स्वतःहून सोडून जातो. दुसरा कोठेच गेलेला नसतो, त्याच्या कार्डाची मुदत तेवढी संपलेली असते. आमच्या छोट्या त्रैमासिकाच्या वर्गणीवहीत हे दोघेही ‘रक्कम आली नाही’ या एकाच रकान्यात येऊन पडतात.

यंत्राला मात्र फरक कळतो. रक्कम नाकारताना बँक दोन अंकी संकेत पाठवते : ५१ म्हणजे शिल्लक अपुरी, ५४ म्हणजे कार्डाची मुदत संपली. ५१ असेल तर महिन्याच्या आरंभी, पगार झाल्यावर, पुन्हा मागणी करण्यात अर्थ असतो. ५४ आल्यावर तेच कार्ड दहादा लावून पाहणे व्यर्थ. तेथे माणसालाच विचारावे लागते.

हे विचारणे आम्हांस जुन्या व्ही. पी.ची आठवण करून देते. पोस्टमन अंक घेऊन दारी येई. वाचक पैसे देई किंवा ‘नको’ म्हणे. त्या नकारात निदान स्पष्टता होती. कार्डाने एकदा दिलेला होकार वर्षानुवर्षे मुकाट चालू राहतो. परदेशी तर कार्डसंस्थांच्या सेवा नव्या कार्डाचा क्रमांक व मुदत परस्पर विक्रेत्याकडे पोहोचवितात. वाचकाला पत्ताही लागत नाही. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२१ पासून अशा वसुलीपूर्वी किमान २४ तास आधी ग्राहकास सूचना देणे बंधनकारक केले. व्यवसायाच्या दृष्टीने ही कटकट खरीच. परंतु त्या सूचनेत आम्हांस पोस्टमनची थाप ऐकू येते.

कारण प्रश्न केवळ वसुलीचा नाही. विसराळूपणाने टिकलेला वर्गणीदार हा वाचक म्हणावा काय? अंक न उघडता पैसे भरणाऱ्याने आमचा छपाईखर्च भागतो, पण लेखकाला वाचक मिळत नाही. उलट ५४ मुळे गळालेल्यांत अंक समासात खुणा करीत वाचणारा एखादा असू शकतो, आणि त्याला हरवणे आम्हांस परवडणारे नाही.

म्हणून ‘आपला व्यवहार अयशस्वी झाला’ हे यंत्राचे वाक्य आम्ही पाठवीत नाही. ‘आपल्या कार्डाची मुदत संपली आहे, अंक पाठवीत राहावे काय?’ एवढेच लिहितो. उत्तर येवो न येवो, पुढचा एक अंक जातो. त्यानंतरही मौन राहिले, तर ते मौन हाच नकार मानून नाव वहीतून कमी करतो.