घाटघरची वाट आणि मोटारसायकलचे दुखणे



भंडारदरा म्हटले की शहरी मंडळींना धबधबे आठवतात. तुम्ही मात्र एकदा आषाढात, भातलावणीच्या दिवसांत, मोटारसायकलवरून तिकडे जा. अहिल्यानगर जिल्ह्यातले अकोले सोडले की राजूर लागते, पुढे रंधा धबधबा आणि मग शेंडी गाव. तेथे प्रवरेवर १९२६ साली पुरे झालेले विल्सन धरण आहे. राज्यातले सर्वांत उंच, १६४६ मीटरचे कळसूबाई शिखर ढगात बुडालेले असते. घाटघरकडे निघालात की भाताची खाचरे, उतारावर नाचणी-वरई आणि डोक्यावर इरले किंवा प्लॅस्टिकचा कागद घेऊन चिखलात वाकलेल्या आयाबाया दिसतात.

नोकरीनिमित्त या वाटेने मी पुष्कळदा गेलो. डांबर संपून वाडीची वाट लागली, की गाडी घडवणाऱ्याचे शहाणपण उघडे पडते. पुढचा मडगार्ड चाकाला इतका खेटून बसवलेला, की लाल चिखल आत दाटतो आणि चाक फिरेनासे होते. चिखल उकरायला काटकीही आत जात नाही. एअर फिल्टर साफ करायचा तर आधी सीट काढा, मग बाजूचे झाकण, मग चार स्क्रू. म्हणून तो कोणी उघडत नाही आणि गाडी चढाला दम टाकते.

एका पावसाळ्यात राजूरला मागचे चाक पंक्चर झाले. एक्सल ओढायचा तर सायलेन्सर आड आला; सायलेन्सर सोडायचा तर त्याचा नट गंजलेला. अर्ध्या तासाचे काम दोन तासांवर गेले. मिस्त्री म्हणाला, "साहेब, ज्यानं ही गाडी काढली, त्यानं कधी पंक्चर काढलेलं नाय."

हे हसण्यावारी नेऊ नका. वाडीवर कुणाला साप चावला, तर त्याला डांबरी रस्त्यापर्यंत पोचवणारे वाहन बहुधा हेच असते. दुधाच्या किटल्याही त्याच्यावरच जातात.

तेव्हा गाडी घेताना नुसता रंग आणि ॲव्हरेज पाहू नका. मागचे चाक काढताना काय काय सोडावे लागते, ते विचारा. मडगार्ड आणि चाक यांत बोटे घालून पाहा. एअर फिल्टर उघडून दाखवायला सांगा. मृगाआधी सायलेन्सरचे आणि एक्सलचे नट एकदा सैल करून, ग्रीस लावून पुन्हा नीट आवळून घ्या. चिखलातून आल्यावर चेन पुसून तेल द्या. तिचा ढिलेपणा गाडीच्या पुस्तिकेत दिला आहे तेवढाच ठेवा.

नांगराचा फाळ आपल्या जमिनीला कसा हवा, हे आपण लोहाराला सांगतोच ना? मग मोटारसायकल विकणाऱ्यालाही सांगा, आणि लेखी सांगा. चिखल कसा असतो, हे त्याला तुमच्याखेरीज कोण सांगणार?