मालक नंबर 1000

व्हर्च्युअल मशीनची हार्ड डिस्क म्हणजे होस्टवर पडलेली एक फाइल. चाळीस जीबीची असेल, पण फाइलच. ती दुरुस्त करायची म्हटलं की बरेच जण आधी सुडो मागतात, आणि नाही मिळालं तर कोणाला तरी सीएचमॉड 777 मारायला लावतात. (777 म्हणजे दार सताड उघडं टाकून गावाला जाणं. तरी रोज कोणीतरी करतंच.)

मागच्या वर्षी टीममधल्या एका मैत्रिणीचं लिनक्स मशीन बूट होईना. काढून टाकलेल्या एका डिस्कची ओळ एफएसटॅबमध्ये तशीच राहिली होती. सिस्टमडी 90 सेकंद त्या डिस्कची वाट बघायचं आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन रूटचा पासवर्ड मागायचं. तो कोणालाच माहीत नव्हता. ती रजेवर, आणि तिचं सहा महिन्यांचं काम आत.

मशीन बंदच ठेवलं, कारण चालू मशीनच्या डिस्कवर बाहेरून लिहिलं की फाइलसिस्टमची वाट लागते. इमेजची कॉपी काढली. ती उघडायला गेस्टफिश पुरतं, रूट लागत नाही. ते स्वतःच एक छोटं लिनक्स मशीन सुरू करतं आणि इमेज त्याला जोडतं. तुमच्याकडे फक्त त्या फाइलवर वाचायची-लिहायची परवानगी हवी.

आणि गोम तिथेच आहे. बाहेर मी साधा युजर, आत शिरताच सगळ्याचा मालक. तिच्या होम डिरेक्टरीवर 700 होतं, म्हणजे आत फक्त तिने जायचं. पण ते 700 पाळायला लावणारं कर्नल तिच्या मशीनचं, आणि ते तर बंद! डिस्कवर मालकाचं नावही नसतं, नुसता आकडा असतो: 1000. आमच्या होस्टवर 1000 म्हणजे मी. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असती तर गोष्ट वेगळी होती.

म्हणून उघडण्याआधी तिला फोन केला. "अगं, तुझी डिस्क उघडतोय. फक्त एफएसटॅब बघतो."

"होममध्ये आईचे रिपोर्ट आहेत रे," ती म्हणाली. "तेवढं..." पुढचं बोललीच नाही.

त्या ओळीपुढे एक हॅश टाकला, फाइल बंद केली. अ‍ॅडमिनने दुरुस्त कॉपी जागेवर ठेवली, मशीन उठलं.

कॉपी काढताना मात्र मला कोणालाच विचारावं लागलं नव्हतं. इमेजवर 644 होतं, म्हणजे त्या सर्व्हरवर लॉगिन असलेल्या कोणालाही ती वाचता येत होती. अ‍ॅडमिनच्या मागे लागून संध्याकाळपर्यंत सगळ्या इमेजेस 600 करून घेतल्या आणि माझ्याकडची कॉपी उडवली.