तळघरातला बंब

आमच्या बेसमेंटमध्ये लाकडाची भट्टी आहे म्हटलं की फोनवर प्रत्येकाचा प्रश्न ठरलेला, "मग घरभर धूर होत असेल ना गं?" मावशीने तर दोनदा विचारलं. म्हणून एकदाचं इथेच लिहून टाकते.

मंडळी, आपला तांब्याचा बंब आठवा. मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी. धूर वरून निघून जातो, पाण्याला लागत नाही. व्हरमाँटमधल्या आमच्या भट्टीचं तसंच, फक्त पाण्याच्या जागी हवा. लोखंडी पेटीत ओंडके जळतात, पेटीभोवतीची हवा तापते आणि पंखा ती पत्र्याच्या डक्टमधून खोल्याखोल्यांत ढकलतो. धूर वेगळ्या वाटेने चिमणीत. (काहींची भट्टी अंगणात असते आणि गरम पाणी जमिनीखालच्या पाइपातून घरात येतं. तो तर अगदी बंबच!) इथल्या राजधानीत, माँटपेलियरला, 2014 पासून लाकडाच्या चिपांवर चालणाऱ्या एकाच केंद्रातून विधानभवनाचा परिसर आणि गावातल्या कित्येक इमारती तापतात.

तर, घरात धूर नाही. बाहेर मात्र असतो, आणि यंदा हिवाळ्यात आई आलीये. तिची अर्धी हयात चुलीपुढे गेली, तो खोकला अजून सोबत आहे. दुपारी अंगणात चक्कर मारल्याशिवाय तिला चैन पडत नाही.

रात्री उठायला नको म्हणून बरेच जण हवेची झडप जवळजवळ बंद करून झोपतात. लाकूड सकाळपर्यंत पुरतं खरं, पण जळत नाही, धुमसतं. दाट धूर अंगणात उतरतो. शिवाय चिमणीच्या आत क्रिओसोट नावाचं डांबरासारखं किटण धरतं, आणि ते पेटलं तर छपरापर्यंत आग. त्यामुळे आमच्याकडे जाळ मोकळा आणि खडखडीत. मी रात्री दोनला उठून ओंडके घालते. नवरा म्हणतो, हीट पंप घेऊ. बघू.

ओल्या लाकडाला मात्र इलाज नाही. पाण्याचा अंश 20 टक्क्यांच्या खाली हवा, त्यासाठी मी मीटर आणलाय. आईने तो बाजूला ठेवला आणि दोन ओंडके एकमेकांवर आपटले. टण्ण वाजलं तर वाळलेलं, ठप्प वाजलं तर ओलं. तिने बाजूला काढलेले मी नंतर गुपचूप मीटरने तपासले. सगळे ओले!

पुढच्या हिवाळ्याची लाकडं आत्ताच वाळत घालायला हवीत. चार कॉर्ड मागवलेत. एक कॉर्ड म्हणजे रचलेली 128 घनफूट लाकडं. ती रचणार कोण, यावर घरात सध्या शांतता आहे.