सत्तर वर्षांचं वचन

31 डिसेंबरच्या रात्री कळव्यात आमच्या मंडळीची उपासना भाड्याच्या हॉलमध्ये होते. बारा वाजता बाहेर फटाके फुटतात आणि आत ताटातून कार्डं फिरतात. डोळे मिटून एक उचलायचं. त्यावर छापलेलं बायबलमधलं वचन हे तुमचं वर्षभराचं. सगळ्यात मागणी यिर्मया 29:11 ला. देवाने तुमच्यासाठी योजलंय ते हिताचं आहे, पुढे आशा आहे, अशा अर्थाचं. निकालाच्या दिवशी निम्म्या ग्रुपच्या स्टेटसवर हेच असतं.

तीन वर्षांपूर्वी ते कार्ड पप्पांना आलं. तेव्हा आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू होतं. ऑगस्टमध्ये पप्पा गेले.

भेटायला आलेल्यांपैकी एक जण आईसमोरच म्हणाले, "विश्वास कुठे कमी पडला का, बघा." त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही. देवाचं वचन म्हणजे सर्व्हरचा एसएलए नव्हे, की ठरलेल्या वेळेत मिळालं नाही म्हणून चूक कोणाची ते लॉगमध्ये शोधायचं.

नंतर मी तो अख्खा अध्याय वाचला. ते एक पत्र आहे, यरुशलेमहून बाबेलच्या बंदिवासातल्या लोकांना पाठवलेलं. अकराव्या वचनाच्या आधी दहावं आहे, आणि त्यात मुदत दिलीय: सत्तर वर्षं. ऐकणाऱ्या चाळिशीतल्या माणसाने मनात हिशोब केलाच असणार. म्हणजे आपण काही परत जात नाही. त्याच्या आदल्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल असं छातीठोक सांगतो. तो खोटा ठरतो. पण त्या काळात कार्डं असती, तर हनन्याचीच संपली असती.

आणि सत्तर वर्षं करायचं काय? तेही पत्रात आहे. घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात नेऊन टाकलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. (जावास्क्रिप्टवाल्यांना सांगायला नको: प्रॉमिस पेंडिंग असलं तरी पुढचा कोड चालूच राहतो.)

असं जगलेलं मराठी माणूस शोधताना मी पंडिता रमाबाईंपाशी थांबलो. 1870च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि बहीण उपासमारीने गेलेली. पुढे चोविशीच्या आत भाऊ आणि नवराही गेला. देव काळजी घेतो हे वाक्य या बाईला स्वस्तात मिळालेलं नव्हतं. 1896 मध्ये पुन्हा दुष्काळ पडला. अमेरिकेतल्या हितचिंतकांनी दिलेली दहा वर्षांच्या मदतीची हमी तेव्हा संपत आली होती. हिशोबी माणसाने नव्या मुली घेतल्या नसत्या. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. केडगावच्या माळावर मुक्ती मिशन उभं राहिलं. 1900 पर्यंत तिथे सुमारे दीड हजार जण राहत होते. इतक्या जणांची रोजची भाकरी प्रार्थनेवर चालली असं भक्तिपुस्तकांत वाचायला मिळतं. ते खरंच आहे, पण तिथे विहिरी खणल्या, शेती केली, गुरं पाळली, मुलींना कामं शिकवली, हेही तितकंच खरं. मला तरी या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत.

त्यांचं शेवटचं मोठं काम म्हणजे बायबलचं भाषांतर. गावातल्या साध्या बायकांना समजेल असं मराठी हवं, म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. वर्षानुवर्षं ते चाललं. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्या बायकांच्या हातून. जुलै 1921 मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, जिच्या हाती त्या सगळं सोपवणार होत्या. रमाबाईंनी काम सोडलं नाही. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या. संपूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर आलं.

हे सगळं मी एका रविवारी आईला सांगितलं. ती मेथी निवडत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सत्तर वर्षांचं मला माहितीये रे. पप्पांनीच दाखवलं होतं, कार्ड आलं त्याच रात्री."

मग तिने मला कोथिंबीर आणायला पाठवलं. मंगळवारी ती डायलिसिसला येणाऱ्या दोघींसाठी डबा नेते. त्यातल्या एकीला मेथी आवडते.