कार्ड नंतर बदलता येतं

यादी घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला मी आधी मॉनिटरबद्दल विचारतो. पोरगं गोंधळतं, कारण यादीत मॉनिटर नसतोच. प्रोसेसर असतो, ग्राफिक कार्ड असतं, रॅम असते, रंगीत दिव्यांचे पंखे तर हमखास असतात. मॉनिटर ‘घरात आहे एक’. तो बहुधा मामाच्या नाहीतर काकाच्या ऑफिसातून निघालेला असतो आणि सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो. कार्डाने सेकंदाला दोनशे फ्रेम काढल्या तरी तो पडदा साठाच्या वर जाणार नाही. हाताला जरा चपळपणा जाणवेल इतकंच.

म्हणून मॉनिटर कुठला आणि खेळणार काय, या दोन गोष्टी आधी वदवून घ्यायच्या. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक खेळणाऱ्याला १४४ हर्ट्झचा मॉनिटर खरंच उपयोगी पडतो. तिथे एक फ्रेम जेमतेम सात मिलिसेकंद टिकते, साठावर जवळजवळ सतरा. भिंतीआडून येणारा आधी कुणाला दिसला यावर त्या खेळात सगळं ठरतं. गंमत अशी, की हे खेळ कार्डापेक्षा प्रोसेसरलाच जास्त दमवतात. उलट सायबरपंकसारखा गेम कार्डाचा घाम काढतो, पण तिथे साठ फ्रेम मिळाल्या की कुणाचं काही अडत नाही. आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्सने २०२० साली काढलेला ‘राजी’ घ्या. तो खेळायचा तर कोरीव महाल आणि तटबंद्या बघत बघत, त्याला १४४ हर्ट्झ घेऊन करायचंय काय? एकाच बजेटची दोन मशीनं खेळणाऱ्यानुसार इतकी वेगळी निघतात, की एकाची यादी दुसऱ्याला द्यावी असं मला कधी वाटत नाही.

यूट्यूबवर एक हिशेब फार चालतो: निम्मे पैसे कार्डावर घाला, उरलेल्यात बाकीचं बसवा. त्या दिवसापुरता तो बरोबरच असतो, जास्तीत जास्त फ्रेम त्यातूनच निघतात. पण साठ हजारांचं मशीन आपल्या घरांत पाच-सहा वर्षं नांदायला येतं. मध्ये बारावी होते, कॉलेज लागतं, दिवाळीचे, वाढदिवसाचे, पहिल्या इंटर्नशिपचे पैसे थोडे थोडे येत राहतात. त्यामुळे मी वाटणी वेगळी करतो. कुठला भाग नंतर सहज बदलता येईल आणि कुठला बदलायला अख्खं मशीन मोकळं करावं लागेल, हे आधी बघतो. कार्ड काढायला एक-दोन स्क्रू, स्लॉटचा खटका आणि एक वायर. चहा गार व्हायच्या आत काम होतं, आणि जुन्या कार्डाला गिऱ्हाईकही मिळतं. दुसरी एसएसडी कधीही जोडता येते. मदरबोर्ड बदलायचा म्हटलं की कूलर उतरवा, प्रोसेसर काढा, पेस्ट पुसा, सगळ्या वायरी उपटा. वीज पुरवणारा एसएमपीएस बदलायचा तर कॅबिनेटच्या पाठीमागे नीट बांधलेलं जाळं पुन्हा सोडा. शिवाय या दोघांना जुन्या बाजारात कुणी फारसं विचारत नाही. तेव्हा तंगी सोसायची तर ती कार्डात सोसावी, असं माझं मत आहे. पोरांना ते आवडत नाही.

एसएमपीएसवर माझा जीव जास्त आहे, ते का हे दाखवायला मी डबा हातात देतो आणि बाजूचं लेबल वाचायला सांगतो. वर ठळक अक्षरांत ४५० वॉट. खाली बारीक अक्षरांत एक तक्ता, त्यात ३.३, ५ आणि १२ व्होल्टच्या रकान्यांत किती अँपिअर मिळणार ते लिहिलेलं. प्रोसेसर आणि कार्ड दोघं जगतात ते १२ व्होल्टवर. स्वस्तातल्या डब्यावर त्या रकान्यात १६ अँपिअर सापडतात. बारा गुणिले सोळा, १९२ वॉट. आता आरएक्स ६६०० कार्ड १३२ वॉट मागतं आणि रायझन ५ ५६०० पूर्ण भारावर ७६ पर्यंत जातो. बेरीज २०८ झाली, पंखे अजून मोजलेलेच नाहीत. मग वरचे ४५० आले कुठून? कामाला न येणाऱ्या रकान्यांची बेरीज करून, नाहीतर नुसतेच छापून. चांगल्या ४५० च्या डब्यावर त्याच रकान्यात ३६ किंवा जास्त अँपिअर असतात, म्हणजे ४३२ वॉट. हा गुणाकार पोराने स्वतः मोबाइलवर केला की पुढचं मला बोलावं लागत नाही.

८० प्लस ब्राँझचा शिक्का बघून निर्धास्त होणारेही भेटतात. तो शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो. आत कपॅसिटर कुठले घातलेत, लाइट फडफडली की व्होल्टेज किती डगमगतं, शॉर्ट झालं तर डबा स्वतः बंद पडतो की बोर्डाला घेऊन पडतो, यावर तो गप्प असतो. त्यासाठी मी उघडून केलेले रिव्ह्यू वाचतो आणि वॉरंटी किती वर्षांची दिलीये ते बघतो. पाच वर्षं देणारा सहसा आतून तसाच असतो.

एकदा एक वडील मुलाला घेऊन आले. मुलाची यादी तयार, वडिलांच्या हातात डायरी. बजेट साठ, त्यात मॉनिटर धरून. मुलाने समोर काच असलेलं, चार दिव्यांच्या पंख्यांचं कॅबिनेट निवडलेलं.

‘‘दादा, हे मस्त दिसतं.’’

‘‘दिसतं. हवा कुठून घेणार?’’

त्याने फोटो मोठा करून पाहिला. काचेच्या कडेने बोटभर फट होती. एप्रिलात आपल्याकडे खोलीच पस्तीस-छत्तीस अंशांवर असते, पंखा गरम हवाच फिरवतो. त्या फटीतून कार्डाला श्वास पुरेना की ते आपला वेग आपणच कमी करतं आणि पंखे किंचाळायला लागतात. समोर जाळी असलेलं, दोन साध्या काळ्या पंख्यांचं कॅबिनेट त्याहून स्वस्त होतं. वडिलांनी डायरीत लगेच आकडा खोडला. मुलाचं तोंड पडलं. मी म्हटलं, दिव्यांची पट्टी नंतर चिकटव, ती शंभर-दोनशे रुपयांत येते. तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली.

मग वडिलांनी विचारलं, ‘‘यावर टॅली चालेल ना?’’

‘‘टॅली तुमच्या आत्ताच्या मशीनवरही चालतं.’’

‘‘तेच मी याला सांगतोय,’’ ते म्हणाले, आणि तरीही हिशेब पुढे लिहीत राहिले.

प्रोसेसर ठरवायला त्या दिवशी वेळ लागला नाही. रायझन ५ ५६००, सहा कोर, २०२२ चा. त्याच दिवसांत आलेला ५५०० थोडा स्वस्त पडतो. नावात शंभराचाच फरक, पण त्यात एल-३ कॅश निम्मी, ३२ ऐवजी १६ एमबी, आणि गेममध्ये ती निम्मी कॅश जाणवते. शिवाय ५५०० पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीवरच थांबतो. हे एरवी चालून जातं. पण आरएक्स ६५०० एक्सटीसारखं कार्ड लावलं की अंगाशी येतं. त्या कार्डाला सोळाऐवजी चारच लेन दिल्यात. चौथ्या पिढीच्या बोर्डावर त्या चार लेन कशाबशा पुरतात, तिसऱ्या पिढीत त्यांचा वेग निम्मा होतो, आणि कार्डावरची ४ जीबी मेमरी भरली की खेळ अडखळायला लागतो. ए५२० हा सगळ्यात स्वस्त बोर्डही तिसऱ्या पिढीचाच. म्हणजे ज्याने कमी पैशांमुळे स्वस्त कार्ड घेतलं, त्यानेच स्वस्त बोर्डही घेतलेला असतो, आणि दोन्हीकडून मार त्यालाच बसतो. मला या धंद्यात सगळ्यात जास्त चीड येते ती याची.

नावांची फसगत याहूनही वाईट. जीटी १०३० हे कार्ड २०१७ ला जीडीडीआर५ मेमरीसह आलं, पुढच्या वर्षी त्याच नावाने डीडीआर४ मेमरीचं आलं. मेमरीचा वेग जवळजवळ तिसऱ्या हिश्शावर उतरला, खोक्यावरचं नाव तेच राहिलं. आरटीएक्स ३०५० चंही तसंच: २०२२ चं ८ जीबीचं वेगळं, २०२४ चं ६ जीबीचं वेगळं. दुसऱ्यात नुसती मेमरी कमी नाही, चिपमधले कोर कमी आणि मेमरीचा रस्ताही अरुंद. त्याला वेगळी वायर लागत नाही, ७० वॉटमध्ये भागतं, त्यामुळे ऑफिसच्या जुन्या मशीनमध्ये घालायला ते उत्तम. पण ३०५० चे रिव्ह्यू बघून हे घेणाऱ्याने रिव्ह्यू बघितले ते दुसऱ्याच कार्डाचे.

त्या मुलासाठी मी कार्ड जुनं सुचवलं. वडील बिचकले. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने कार्डांवरचं मायनिंग बंद केलं आणि जगभरची कार्डं बाजारात ओतली गेली. लॅमिंग्टन रोडवरही तेव्हा ढिगाने कार्डं दिसायची. मायनिंगचं कार्ड म्हणजे मेलेलं कार्ड असं लोक धरून चालतात. ते तितकंसं खरं नाही. एकाच वेगाने सतत चाललेली चिप सहसा टिकते. जातात ते पंखे, आणि मेमरीवरचे थर्मल पॅड वाळतात. म्हणून मी कार्ड मशीनवर लावून अर्धा तास भार देतो, तापमान बघतो, पंखा बोटाने फिरवून खरखर लागते का ते पाहतो, आणि पडद्यावर ठिपके किंवा रेघा दिसल्या की भाव न करता परत करतो. मूळ बिल असेल तर थोडे जास्त मोजायला हरकत नाही.

रॅमचं मात्र गणितच बदललंय. इतकी वर्षं आम्ही डोळे झाकून ‘आठ आणि आठ’ सांगायचो. दोन पट्ट्या लावल्या की दोन्ही चॅनल चालतात, एकच सोळाची लावली तर निम्मा रस्ता बंद, आणि प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर खेळणाऱ्याला तर तो फरक फारच नडतो. २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि भाव भडकले. डिसेंबरात मायक्रॉनने क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करणार असल्याचं जाहीर केलं. आता कुणी जुनं मशीन घेऊन आलं की मी आधी त्यातल्या डीडीआर४ च्या पट्ट्या चालतायत का ते बघतो. एएम५ चा सॉकेट नवा, पुढे प्रोसेसर बदलायला वाव असलेला, पण तिथे डीडीआर५ शिवाय गत्यंतर नाही. ५६०० ज्यात बसतो त्या २०१६ च्या एएम४ सॉकेटला अजून गिऱ्हाईक आहे ते बरंचसं यामुळेच. वडिलांच्या दुकानातल्या मशीनमधून आठच्या दोन पट्ट्या निघाल्या आणि बजेट बसलं. त्या बदल्यात दुकानाच्या मशीनला माझ्याकडे पडलेली चारची एक पट्टी लावून दिली. टॅली चाललं.

जोडणीचं काम त्यामानाने निवांत. पॉवर बटणाच्या बारीक पिना बोर्डावर बसवताना चष्मा कपाळावर चढवावा लागतो, एवढाच त्रास. विंडोज टाकायच्या आधी बायॉसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू करायचं, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ नाहीतर २४०० वरच रेंगाळते. घरी नेल्यावर ‘डिस्प्ले येत नाही’ असा फोन आला, तर एचडीएमआयची वायर कार्डाऐवजी बोर्डात खुपसलेली असते. ५६०० मध्ये ग्राफिक्स नाहीत, त्यामुळे तिथून काही दिसायचंच नाही.

शेवटचं भांडण घरोघरी खोक्यांवरून होतं. पोरांना ती कपाटावर मांडून ठेवायची असतात, आया रद्दीवाल्याला द्यायला निघतात. मी आईच्या बाजूने असतो. बोर्डाचं आणि एसएमपीएसचं बिल, सीरियल नंबरचा फोटो एवढं पुरे, कॅबिनेटचं भलंमोठं खोकं तर आजच जाऊ दे. कार्डाचं खोकं मात्र माळ्यावर टाका म्हणून सांगतो, कारण ते कार्ड विकायचं आहे.