नवे दोन टायर मागेच

संपादकांनी फोनवर विषय सांगितला तो एका वाक्यात : गाडीला टायर कोणते घ्यावेत, ते वाचकांना समजेल असं लिहा. दुकानात येणारा जवळजवळ प्रत्येक जण हेच विचारतो. 'भाऊ, कोणत्या कंपनीचा टाकू?' वडिलांनी ट्रकचे टायर रिमोल्ड करण्यापासून सुरुवात केली, पुढे मी पाचोऱ्यात मोटारींचे टायर, अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग आणलं. हा प्रश्न आमच्या दोन पिढ्यांनी ऐकला. तो गैर नाही, पण तो शेवटी विचारायचा असतो. नावाजलेल्या कंपन्यांचा आयएसआय मार्कचा टायर घेतला, तर त्यांच्यात उन्नीस-बीसचाच फरक असतो. यांतल्या काहींचे कारखाने आपल्या आसपासच आहेत. सिएटचा नाशकात, गुडइयरचा वाळूजला, ब्रिजस्टोनचा चाकणला. कारखान्यातूनच खराब आलेला टायर मी क्वचित पाहिला. चांगला टायर चुकीच्या चाकावर चढवलेला किंवा चुकीच्या हवेवर पळवलेला मात्र रोज पाहतो.

गेल्या श्रावणात आलेली एक गाडी अजून डोक्यातून जात नाही. भडगावकडच्या एका निवृत्त शिक्षकांची सात आसनी गाडी. वेरूळला घृष्णेश्वराचं दर्शन घेऊन सगळं कुटुंब परतत होतं. कन्नड घाट उतरताना पाऊस लागला. एका वळणावर मुलाने ब्रेकवर पाय ठेवला आणि गाडीचं मागचं अंग बाहेर फेकलं गेलं. अर्धी गिरकी घेऊन गाडी मागून कठड्यावर आदळली. सगळे वाचले, आजींचं खांद्याचं हाड मोडलं. टोचन लावून गाडी आमच्याकडे आली तेव्हा मी आधी टायरांशी बसलो. पुढच्या दोन टायरांवर नव्या रबराचे केसही अजून झडले नव्हते. मागच्या टायरच्या खाचेत नख घातलं, तर ते लगेच तळाला टेकलं. गेजने मोजलं. पुढे आठ मिलिमीटर, मागे जेमतेम दोन.

सर त्याआधी भाव विचारायला आमच्याकडे येऊन गेले होते. दोनच टायर घ्यायचे होते. 'नवे मागे टाकू, मागचे पुढे आणू,' असं मी म्हणालो, ते त्यांना पटलं नाही. दुसऱ्या शहरात घेतले, तिथे त्यांनी सांगितलं तसं पुढे बसवून मिळाले. गाडी टोचन लावून आली त्या दिवशी त्यांनी मला विचारलं, 'नवे टायर होते ना रे, मग गाडी घसरली कशी?' काउंटरवर उभ्या माणसाला पाच मिनिटांत हे समजावून सांगणं मला आजवर जमलेलं नाही. इथे जागा आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

रस्त्याला प्रत्यक्ष टेकलेला टायरचा भाग जेमतेम तळहाताएवढा असतो. सात माणसं, त्यांचं सामान, वेग, वळण आणि ब्रेक हे सगळं अशा चार तळहातांवर चालतं. कोरड्या रस्त्यावर या भागाला नक्षीची फारशी गरज नसते, रबर डांबराला धरून ठेवतं. रस्ता ओला झाला की मध्ये पाणी येतं. ते पाणी खाचांतून बाजूला काढून रबर खाली टेकवायचं, एवढ्यासाठी नक्षी असते. खाच आठ मिलिमीटर असेल तर भरपूर पाणी वाहून जातं. दोन मिलिमीटरची खाच लगेच भरते आणि वेग असेल तर टायर पाण्यावर तरंगतो. त्या क्षणी गाडीचा रस्त्याशी संबंध तुटतो.

आता दोन टायर नवे आणि दोन घासलेले आहेत, म्हणजे ओल्या रस्त्यावर घासलेले आधी सुटणार हे ठरलेलं आहे. ते कुठे सुटलेले परवडतील, एवढंच आपल्या हातात उरतं.

पुढचे सुटले, तर गाडी वळायचं सोडून सरळ जाऊ पाहते. स्टेअरिंग हलकं पडतं, हाताला लगेच कळतं. घाबरलेला माणूस अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलतो, ब्रेकवर ठेवतो. वजन पुढच्या चाकांवर येतं, वेग उतरतो आणि बहुतेक वेळा पकड परत मिळते. उपजत बुद्धीने केलेली गोष्ट इथे बरोबर ठरते.

मागचे सुटले, तर हाताला काहीच कळत नाही, कारण स्टेअरिंग पुढच्या चाकांना जोडलेलं असतं. आणि पुढे नवे टायर असल्यामुळे गाडी वळतेही झकास, त्यामुळे चालवणारा आणखी निर्धास्त असतो. मागचं अंग सरकलंय हे बसल्या जागी जाणवतं तोवर गाडी आडवी व्हायला लागलेली असते. तेव्हाही माणूस उपजत बुद्धीने पाय उचलतो, ब्रेक लावतो. वजन पुढे जातं, मागची चाकं आणखी हलकी होतात आणि गाडी फिरते. अशी फिरलेली गाडी उलट स्टेअरिंग मारून सावरायला सराव लागतो. तो शर्यतीच्या चालकाकडे असतो. लग्नाला, देवदर्शनाला निघालेल्या माणसाकडून त्याची अपेक्षा करता येत नाही. म्हणून जवळपास सगळ्या मोठ्या टायर कंपन्या एकच सांगतात : दोन नवे घेतले तर मागे टाका. गाडी पुढची चाकं ओढणारी असो की मागची.

माझ्याच धंद्यातले काही जण यावर हुज्जत घालतात. इंजिन पुढे, ब्रेकचा बराचसा भार पुढे, मग चांगला टायर पुढे का नको? कोरड्या, सरळ रस्त्यावर ब्रेकचं काम पुढची चाकं जास्त करतात, हे खरंच आहे. पण तिथे दोन-तीन मिलिमीटर नक्षीही पकड देते. प्रश्न ओल्या वळणाचा आहे आणि तिथे मागचा टायर निर्णायक ठरतो. दुसरा मुद्दा एबीएसचा. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे नव्या मोटारींना ते सक्तीचं आहे. ते चाक जाम होऊ देत नाही, पण टायरमध्ये नसलेली पकड त्याला निर्माण करता येत नाही. तिसरा मुद्दा, पुढचा टायर फुटला तर काय. फुटायच्या अवस्थेतला टायर पुढेही नको आणि मागेही नको, तो गाडीवरच नको.

मुळात ही वेळ येऊ द्यायची नसते. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत पुढचे टायर लवकर घासतात. दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे मागे आणि मागचे पुढे फिरवले, तर चारही सारखे घासतात आणि चारही एकदम बदलता येतात. टायर फिरवायला सांगितलं की गिऱ्हाइकाला वाटतं, हा मजुरी काढतोय. या संशयाचा आता कंटाळा येतो.

आता निवडीचं. टायरच्या कुशीवर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, सगळं छापलेलं असतं. समजा १८५/६५ आर १५ ८८ एच असं लिहिलंय. १८५ मिलिमीटर रुंदी. कुशीची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे साधारण १२० मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल. १५ इंचांची रिम. ८८ हा वजनाचा आकडा, त्याचा अर्थ एका टायरवर ५६० किलो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतची क्षमता. 'मला कुठे दोनशेने पळायचंय?' असं लोक म्हणतात. ते अक्षर टायर किती उष्णता सोसेल हेही सांगतं आणि आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. वजनाचा आकडा आणि अक्षर, दोन्ही कंपनीने दिलं त्यापेक्षा खालचं घ्यायचं नाही. सात आसनी गाडीला कमी वजनाचा टायर स्वस्तात मिळाला म्हणून टाकलेला मी पाहिलाय. अशा गाडीत मी माझी माणसं बसवणार नाही.

रुंद टायरची हौस तरुणांना फार. त्यातही गणित आहे. १६५/८० आर १४, १८५/६५ आर १५ आणि १९५/५५ आर १६ या तिन्ही मापांचा बाहेरचा व्यास ६२० मिलिमीटरच्या आसपासच येतो. रिम मोठी झाली की कुशी उतरते, व्यास तोच राहतो. व्यास बदलला तर स्पीडोमीटर चुकतो आणि चाक मडगार्डला घासतं. कुशी फार उतरवली, तर खड्ड्यात रिम वाकते आणि टायरला फुगा येतो. आपले रस्ते पाहता कंपनीचं माप सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

'जास्त चालेल असा द्या' ही दुसरी मागणी. कडक रबर जास्त किलोमीटर देतं, पण ओल्या रस्त्यावर धरून ठेवण्यात कमी पडू शकतं. मऊ रबर धरतं आणि लवकर झिजतं. आयुष्य, ओल्यातली पकड आणि इंधनाची बचत या तिन्ही गोष्टी एकाच टायरमध्ये पुरेपूर मिळत नाहीत. ओल्यातली पकड, रोलिंग रेझिस्टन्स (चाक फिरताना होणारा विरोध) आणि आवाज यांचे किमान निकष केंद्र सरकारने २०२२ साली ठरवून दिले, ते फार चांगलं झालं. त्या निकषांच्या वर काय हवं, ते गाडीच्या कामावरून ठरवायचं. शेत ते बाजार समिती एवढीच धाव असेल, तर जाड कुशीचा टिकाऊ टायर घ्यावा. दर आठवड्याला पुणे-मुंबई असेल, तर पकड आधी पाहावी.

टायर बनल्याच्या तारखेबद्दल लोक आता फार जागरूक झालेत आणि तिथेही अर्धवट. कुशीवर चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. चार महिने जुना टायर दाखवला की 'जुना माल नको' म्हणून परत करतात. सावलीत नीट ठेवलेल्या टायरला चार महिन्यांनी काही होत नाही. तेच गृहस्थ डिकीतली दहा वर्षांची स्टेपनी मात्र निर्धास्तपणे बाळगतात. मुलगा पुण्याला आणि गाडी गावी पत्र्याखाली उभी, अशी घरं आमच्याकडे पुष्कळ आहेत. गाडी वर्षात हजारभर किलोमीटर चालते, नक्षी नव्यासारखी दिसते. मी कुशी अंगठ्याने दाबून वाकवतो, तेव्हा खांद्याजवळ केसाएवढ्या बारीक भेगांची रांग उघडते. रबरात चिरा पडू नयेत म्हणून मिसळलेलं मेण टायर चालता राहिला तरच पृष्ठभागावर येत राहतं. उभ्या गाडीचा टायर सुकतो. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणत्याकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असो, टाकून द्यावा.

आणि हवा. उन्हाळ्यात टायर फुटतात म्हणून दोन पॉइंट (पीएसआय) हवा कमी ठेवायची, ही समजूत खानदेशात घरोघरी आहे. तिने किती टायर खाल्ले असतील! हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्यात कुशी जास्त वाकते, वाकण्याने आत उष्णता तयार होते, उष्णतेने रबर आणि तारांचे थर एकमेकांपासून सुटतात आणि मग टायर फुटतो. हवेचा आकडा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो आणि तो थंड टायरचा असतो. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की साधारण एक पॉइंट चढतो. सकाळी भरलेली ३३ हवा दुपारी धावल्यावर ३८ दिसणार, टायर त्यासाठीच बनवलेला असतो. तेव्हा पाच पॉइंट सोडून दिले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायरात २८ उरते आणि त्यावर माणसं समृद्धी महामार्गावर ताशी १२० ने निघतात. समृद्धीवर सिमेंटमुळे टायर फुटतात, असं मला दर आठवड्याला कुणीतरी सांगतं. सिमेंटला दोष देण्याआधी टायरची हवा आणि वय विचारा. गावातल्या रस्त्यावर ताशी ४० ने निभावून गेलेला अशक्त टायर तिथे सलग दोन-तीन तासांच्या वेगात उघडा पडतो. परिवहन विभागाने त्या रस्त्यावर टायर तपासायला सुरुवात केली, ती याच कारणाने. नायट्रोजनचंही सांगून टाकतो. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नायट्रोजन भरल्याने दाब थोडा जास्त टिकतो, पण महिन्यातून एकदा गेज लावणाऱ्याला साधी हवा पुरते.

नवा टायर टाकण्याआधी जुना का घासला, ते पाहणं हे आमचं खरं काम. दोन्ही कडा झिजल्या, तर हवा कमी होती. मधला पट्टा झिजला, तर जास्त होती. नक्षीवरून हात फिरवला आणि एका दिशेने गुळगुळीत, उलट दिशेने बोचरं लागलं, तर अलाइनमेंट गेलंय. तुकड्या-तुकड्यांत झिजला, तर शॉकअप किंवा बॅलन्सिंग पाहायचं. हे न पाहता नवा टायर चढवला, तर तोही त्याच रस्त्याने जातो आणि नाव कंपनीचं खराब होतं. आम्हाला लोक पंक्चरवाले म्हणतात. पंक्चर काढण्यात कमीपणा नाही, पण टायर वाचता येणं ही विद्या आहे आणि ती आमच्याकडे आहे.

कायद्याने मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली जाऊ द्यायची नाही. खाचांच्या तळाशी असलेले आडवे उंचवटे नक्षीच्या बरोबरीला आले की ती मर्यादा संपली. माझा आग्रह तीन मिलिमीटरचा आहे, तोही पावसाळ्याच्या आधी. घासलेल्या टायरला नव्या खाचा मारून, काळं पॉलिश लावून विकणाऱ्यांकडे फिरकू नका.

भाऊबीजेला गावोगावी गाड्या निघतील. निघण्याच्या दिवशी सकाळी, गाडी थंड असताना, स्टेपनीसह पाचही टायरांची हवा मोजा, तारीख वाचा, मागच्या टायरची खाच आवर्जून पाहा. बदलायची वेळ झाली असेल, तर चारही बदला. पैशाची ओढ असेल, तर दोन बदला आणि कुणी काहीही सांगितलं तरी ते दोन मागेच बसवून घ्या.