आधी ऑफसेट, मग इंच

संपादकांनी सांगितलं, 'तुमच्या कामातलं लिहा, पण सगळ्यांना समजेल असं.' कोलशेत रोडवर चाकांचं आणि अलाइनमेंटचं काम करताना मला सगळ्यात जास्त ऐकू येणारा प्रश्न एकच आहे: "काका, सतरा इंची बसेल ना?" त्यावरच लिहितो. उत्तर बहुतेक वेळा 'बसेल' असंच असतं. पण बसणं आणि चालणं यांत फरक आहे, आणि तो फरक इंचात मोजता येत नाही.

गेल्या पावसाळ्यात एक होंडा सिटी आली. लोअरिंग स्प्रिंग टाकून साधारण ४० मिलिमीटर खाली घेतलेली, आणि त्यावर सतरा इंची सेकंडहॅण्ड अलॉय. मुलगा एकटा चालवायचा तेव्हा काहीच तक्रार नव्हती. मग एका रविवारी आईवडील आणि बहीण मागे बसले आणि गायमुखच्या घाटातून येताना मागचा टायर फेंडरच्या आतल्या कडेला घासत राहिला. साइडवॉलच्या आतले धागे दिसत होते. त्या टायरवर चौघं जण घरापर्यंत आले, ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. रिम विकणाऱ्यानं पीसीडी, म्हणजे बोल्टच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास, जुळवून दिला होता. ऑफसेट किती, हे मुलानं विचारलं नव्हतं आणि त्यानंही सांगितलं नव्हतं.

ऑफसेट म्हणजे काय? रिमच्या रुंदीच्या बरोबर मधून एक रेघ मारा. रिमचा जो भाग हबला टेकतो, तो या रेघेपासून किती मिलिमीटर दूर आहे, ते अंतर म्हणजे ऑफसेट. रिमवर 'ईटी' अक्षरांपुढे हा आकडा कोरलेला असतो. टेकणारा भाग रेघेच्या बाहेरच्या बाजूला असेल तर ऑफसेट धन. आपल्याकडच्या बहुतेक पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांचा तो धनच असतो. आकडा कमी झाला की चाक बाहेर येतं, वाढला की आत जातं.

आता हिशेब. मूळ रिम ६ इंच रुंद, ईटी ४५ धरा. नवी रिम साडेसात इंच, ईटी ३५. रुंदी दीड इंचानं, म्हणजे ३८ मिलिमीटरनं वाढली. त्यातली निम्मी, १९, बाहेर आणि १९ आत. ऑफसेट १० नं कमी झाला, म्हणून बाहेरची कड एकूण २९ मिलिमीटर पुढे आली, आतली फक्त ९ नं सरकली. लोक म्हणतात, 'दहाचाच तर फरक आहे.' दहाचा नाही, २९ चा आहे.

यात टायरची उंची मिळवा. सिटीच्या वरच्या मॉडेलला मिळणारा १८५/५५ आर १६ टायर सुमारे ६१० मिलिमीटर व्यासाचा. २१५/४५ आर १७ भरतो ६२५ च्या आसपास. म्हणजे त्रिज्या जवळजवळ ८ मिलिमीटरनं वाढली. स्प्रिंगनं ४० खाल्ले, टायरनं वर ८ मागितले, आणि रिमची बाहेरची कड २९ नं पुढे. २०५/४५ आर १७ घेतला असता तर व्यास ६१६ वर थांबला असता. रबर पातळ हवं म्हणून काही जण १९५/४५ आर १६ कडे वळतात. त्याचा साधा लोड इंडेक्स ८०, म्हणजे एका टायरवर ४५० किलो. मूळ टायरचा ८३, म्हणजे ४८७ किलो. गाडी खाली बसली म्हणून तिचं वजन कमी होत नाही.

इथे एका जुन्या वादाबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण तो रोज ऐकून मी थकलो आहे. वाद स्पेसरचा, म्हणजे हब आणि रिम यांच्यामध्ये घालायच्या चकतीचा. 'स्पेसर टाकला की बेअरिंग जातं, कमी ऑफसेटच्या रिमनं जात नाही.' हे खरं नाही. १० मिलिमीटरचा स्पेसर आणि १० नं कमी ईटी, दोन्हींत टायरचा मध्य तितकाच बाहेर येतो. बेअरिंगला दोन्ही सारखेच. चाकावर ३५० किलो भार धरला तर सरळ रस्त्यावर वाढलेला पीळ ३५० किलो-सेंटिमीटर. पण वळणावर टायरला बाजूनं त्याच्या निम्मा, १७५ किलो जोर लागला, तर तो ३० सेंटिमीटरच्या त्रिज्येवर काम करतो आणि ५,२५० होतो. बेअरिंग मुख्यतः हे सोसण्यासाठी बनवलेलं असतं. स्पेसरचा खरा धोका वेगळा आहे: बोल्टचे आटे पुरेसे न बसणं, आणि स्पेसरचं मधलं भोक हबला न जुळल्यानं चाक मध्यावर न बसणं. दोष द्यायचा तर आट्यांना आणि सेंटर बोअरला द्या.

चाक बाहेर आल्याचा खरा परिणाम स्टीअरिंगवर होतो. चाक ज्या तिरक्या अक्षाभोवती वळतं, तो अक्ष जमिनीपर्यंत वाढवा. तो टेकतो तो बिंदू आणि टायरचा मध्य यांतलं आडवं अंतर म्हणजे स्क्रब रेडियस. ऑडीनं १९७२ च्या ऑडी ८० मध्ये हे अंतर मुद्दाम उणे ठेवलं, म्हणजे एका बाजूच्या ब्रेकनं कमी पकड घेतली तरी गाडी सरळ राहावी. दहा-पंधरा मिलिमीटर ऑफसेट घालवून आपण कारखान्याचा तो विचार पुसून टाकतो. मग एका बाजूचं चाक खड्ड्यात किंवा ओल्यावर असताना ब्रेक मारला की स्टीअरिंग हातातून ओढलं जातं.

गाडी खाली घेतली की टो, म्हणजे वरून पाहता चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन, बदलतो, आणि टायरची आतली कड महिन्याभरात खाल्ली जाते. लोक त्याला टायरची क्वालिटी म्हणतात. पुढच्या मॅकफर्सन सस्पेन्शनमध्ये खालचा आर्म आडवा होऊन वर तिरका गेला, तर गाडी जमिनीजवळ येऊनही वळणात तितक्या प्रमाणात कमी झुकत नाही. हे पटवणं मला सगळ्यात अवघड जातं, कारण फोटोत गाडी स्थिर उभी असते.

आणि आपला परिसर पाहा. क्लॅरियंटच्या कारखान्याच्या जागी आता मनोरे आहेत, आणि त्यांच्या पोडियम पार्किंगचे रॅम्प. २,६०० मिलिमीटर व्हीलबेस आणि १६५ मिलिमीटर क्लिअरन्स असलेली गाडी साधारण साडेचौदा अंशांचा उंचवटा ओलांडते. ४० नं खाली घेतली की अकरा अंश. इंडियन रोड्स काँग्रेसच्या प्रमाणात स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला हवा. आपल्या गल्ल्यांतला त्याहून अरुंद आणि खडा असतो.

कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आणली. मी स्प्रिंग बसवत नाही. पण बसवून आलेल्या गाड्या माझ्याकडेच येतात, आणि त्यांना परत पाठवलं तर त्या अलाइनमेंटशिवाय धावतात. यातलं योग्य काय, हे मला अजून पूर्ण उमगलेलं नाही.

तरीही आलेल्याला मी सांगतो ते असं. आधी मूळ ऑफसेट वाचून या. रुंदी अर्ध्या-एक इंचापेक्षा जास्त वाढवू नका, बाहेरची कड १० ते १५ मिलिमीटरच्या पुढे नेऊ नका, आणि टायरचा व्यास मूळच्या दोन टक्क्यांच्या आत ठेवा. मग चौघांना गाडीत बसवा, स्टीअरिंग दोन्ही बाजूंना टोकापर्यंत फिरवा आणि प्रत्येक कोपऱ्यात बोट घालून अंतर पाहा. मागच्या चाकांकडे विशेष, कारण टॉर्शन बीम सस्पेन्शनला कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, बदलण्याची सोय नसते.

आणि विकणाऱ्यांकडे एकच मागणी आहे. रिमच्या बिलावर इंच आणि पीसीडीशेजारी ईटीचा आकडा आणि टायरचा लोड इंडेक्स लिहा. त्या सिटीच्या बिलावर तो आकडा असता, तर मुलानं निदान 'हे काय आहे?' असं विचारलं असतं.